कुजबुजायला बंदी

प्रिय टिटवे,

गेले कित्येक महिने तुझे फोन आईच घेते आणि तुझ्या पत्रांना उत्तरही तीच लिहिते, म्हणून तू माझ्यावर रुसली आहेस हे मला ठाऊक आहे. 'पहिल्या प्रयोगाला बाबा माझ्यासाठी विंगेत बसणार की नाही, एवढं हो किंवा नाही सांगायला काय होतं,' असं तू तिला म्हणालीस म्हणे. उत्तर या पत्रात आहे, पण शेवटी. तू आधी शेवटच वाचणार, तुझी ती खोड जुनीच आहे. तरी सांगून ठेवतो, मधलं वाचल्याशिवाय शेवट नीट कळायचा नाही.

गेल्या सुट्टीत तू घरी आलीस तेव्हाच माझा आवाज बसायला लागला होता. तुझ्या लक्षात आलं नाही, आणि एकट्या तुझ्याच कशाला, कुणाच्याच आलं नाही. ज्या माणसाचं पोट नटांना विंगेतून हळूच शब्द देण्यावर चालतं, त्याचा आवाज गेला हे कुणाला कसं कळावं? नाटक चालू असताना विंगेत सगळेच कुजबुजतात, मी तर त्यातला मुरलेला. नाटकवाल्यांना घसा म्हणजे घरचंच दुखणं वाटतं, त्यामुळे प्रत्येकाकडे माझ्यासाठी औषध तयार होतं. रंगभूषाकाराने मध चाटवला, प्रकाशयोजनावाल्याने वाफ घ्यायला लावली, आणि ज्याला स्वतःला दोन मिनिटं गप्प बसवत नाही त्या नायकसाहेबांनी मला मौनाचं महत्त्व समजावलं. घरी तुझी आई तर खुशीत होती. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला उलट उत्तर मिळत नव्हतं. गिळताना दुखतं म्हणून माझं जेवण कमी झालं, विजारी ढगळ झाल्या, तर तिने मुकाट्याने त्यांची कंबर आत घेतली. महिन्याभराने परत घेतली. कपडेपट सांभाळणाऱ्या बाईला कपडा सैल झाला की दोष कपड्यातच दिसतो, आतल्या माणसात दिसत नाही.

मग तो प्रयोग झाला. आपलं जुनं नाटक तुला पाठच आहे, शेवटच्या अंकात नायक क्षयाने खोकत खोकत मरतो, रुमालावर लाल रंग उमटतो आणि पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसतात. त्या दिवशी मरणाच्या बऱ्याच आधी, भावाशी भांडणाच्या प्रवेशात, नायकसाहेब अडले. मी शब्द दिला. पोचला नाही. पुन्हा दिला, जीव काढून दिला, तरी माझ्याच कानाला ऐकू येईना. साहेब माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे, आणि मध्ये ती शांतता. शेवटी त्यांना काही सुचेना तेव्हा त्यांनी खिशातून रुमाल काढला, खोकले आणि तिथेच मरून पडले. भांडायला आलेल्या भावाला काय करावं कळेना, तो बिचारा उभ्या उभ्या रडायला लागला. कंपनीच्या मालकांनी पडदा टाकला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, आणि एक गृहस्थ तर आत येऊन म्हणाले की मरण इतकं अचानक, इतकं खरं त्यांनी रंगमंचावर कधी पाहिलं नव्हतं. मालक मात्र माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, उद्या डॉक्टरकडे जाऊन आल्याशिवाय विंगेत पाऊल टाकायचं नाही.

घशाची डॉक्टरीण तुझ्याच वयाची निघाली. तिने नाकातून बारीक नळी घातली आणि पडद्यावर माझ्या स्वरयंत्राचा भाग बघत बसली. आयुष्यभर मी वाक्य विसरलेले चेहरे वाचलेत, टिटवे. हा चेहरा वेगळा होता. हिला वाक्य आठवत होतं आणि ती ते म्हणत नव्हती. गाठीसारखं काहीतरी आहे, तुकडा काढून तपासायला हवा, एवढंच ती बोलली. घरी आल्यावर आईने कंबर आत घेतलेल्या माझ्या सगळ्या विजारी काढल्या, टेबलावर ओळीने मांडल्या आणि नुसती बघत राहिली. तेव्हा मी घाबरलो. खरं सांगतो, मरणाला कमी आणि मुकेपणाला जास्त घाबरलो. कर्करोग निघाला तर स्वरयंत्रच काढतात असं कुठेतरी वाचलं होतं. मग तुला हाक कशी मारायची, हाच विचार डोक्यात घोळत राहिला. नव्या नाटकात तुझी निवड नुकतीच झाली होती, म्हणून तुला काही कळवायचं नाही, आणि मी लिहिलं तर खरं लिहून जाईन म्हणून पत्रंही आईनेच लिहायची, असं आम्ही दोघांनी ठरवलं. आता तू त्यावरून भांडणार. भांड, मी तयार आहे.

तपासणीचा निकाल घ्यायला गेलो तर डॉक्टरीण दारातच हसत होती. म्हणाली, कर्करोग नाही, स्वरयंत्राचा क्षय आहे, औषधांनी पूर्ण बरा होतो. तुझी आई खुर्चीवरून उठली आणि तिने विचारलं, "क्षयच आहे ना? नक्की? परत बदलणार नाही ना?" आणि होकार मिळताच तिने त्या पोरीला अशी मिठी मारली की तिचा चष्मा खाली पडला. बाहेर येऊन आई इतकी हसत-रडत होती की बाकावरच्या एका आजींनी आमचं अभिनंदन केलं आणि मुलगा की मुलगी असं विचारलं. आईने त्यांना सांगितलं, क्षय झालाय. आजी दोन बाकं सोडून पलीकडे जाऊन बसल्या.

मला मात्र पटेना. क्षय म्हणजे खोकला, रुमाल, लाल रंग. वर्षानुवर्षं मी तो विंगेतून जवळून बघितलाय, त्याचा प्रत्येक खोकला मला संहितेसकट पाठ. मला तर खोकला जवळपास नव्हताच. छातीच्या डॉक्टरांनी फोटोत फुप्फुसाच्या टोकाशी एक लहानसा डाग दाखवला आणि सांगितलं की हा रोग मोठा बहुरूपी आहे. कुणाच्या मणक्यात शिरतो आणि माणूस ओझ्याने पाठ धरली म्हणून तेल चोळत बसतो, कुणाच्या मानेला नुसती गाठ येऊन राहते, कुणाचा डोळाच लाल होतो. तुमच्याकडे तो आवाजाच्या वेषात आला, म्हणून ओळखला नाहीत, असं ते म्हणाले. म्हणजे माझ्या क्षयाने आपली भूमिकाच पाठ केली नव्हती, आणि मी शब्द देणार तरी कसा?

सुरुवातीला काही आठवडे मी समोरच्या खोलीत, खिडक्या सताड उघड्या टाकून, तोंडाला मास्क लावून बसलो. घशातला क्षय हवेतून फार लवकर पसरतो म्हणून सगळ्या कंपनीची तपासणी झाली. त्यात नायकसाहेबांना डबीत कफ द्यायला सांगितला, तर इतकी वर्षं टाळ्या घेत खोकणाऱ्या माणसाला एक धड खोकला काढता येईना. परिचारिकेने त्यांना खोकायचं कसं ते करून दाखवलं. तेव्हापासून ते तसेच खोकतात आणि शेवटचा अंक सुधारला असं मालकांचं मत आहे. सगळे ठणठणीत निघाले, आईसुद्धा. राहिलीस तू, तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, ती चूक आमची. सुट्टीत आपण तासन्तास एका खोलीत बसून निवडीच्या तयारीसाठी तुझं काम वाचलं होतं, तेव्हा हे पत्र संपलं की छातीचा फोटो आणि तपासणी करून घे. तुला काही होत नसेल तरी करून घे, तालीम आहे वगैरे मला सांगू नकोस. आईने तुझ्या गावातल्या दवाखान्याचा पत्ता काढून ठेवलाय आणि ती फोन करून पिच्छा पुरवणार आहे.

गोळ्या अजून काही महिने चालू आहेत, पण आता माझ्यापासून कुणाला धोका नाही असं डॉक्टर सांगतात. विजारींची कंबर पुन्हा बाहेर आलीय. आणि परवा सकाळी न्हाणीघरातून मी आईला टॉवेल मागितला, तर आवाज चक्क तिला स्वयंपाकघरात ऐकू गेला. ती टॉवेल न आणता दाराशी येऊन म्हणाली, परत मागा. मी परत मागितला. तिने तीनदा मागायला लावला आणि मी कुडकुडत मागत राहिलो. जरा घोगरा आहे आवाज, पण माझा आहे.

आता तुझं उत्तर. मी विंगेत बसणार नाही. डॉक्टरीण म्हणते, गप्प राहा किंवा नेहमीच्या आवाजात बोला, पण कुजबुजायचं नाही, त्याने घशावर जास्त ताण येतो. विंगेतून नेहमीच्या आवाजात शब्द दिला तर प्रेक्षक तुझ्याऐवजी मलाच हार घालतील. म्हणून मी तिकीट काढलंय, चौथ्या रांगेत, आईच्या शेजारी. शाळेतल्या पहिल्या नाटकापासून तुला मी विंगेतूनच बघत आलो. अडलीस की उजव्या कानाची पाळी ओढतेस, तो कान मला पाठ आहे. समोरून तुझा चेहरा बघायचा मात्र राहूनच गेला. यावेळी अडलीस तर विंगेकडे बघू नकोस, जरा थांब. इतकी वर्षं बघतोय, बहुतेक वेळा माझा शब्द पोचायच्या आधीच नटाला वाक्य आठवलेलं असतं. तिथे कुणीतरी आहे, एवढंच त्याला हवं असतं. मी आहे, फक्त समोर बसलोय. आणि पडदा पडला की उभा राहून भर नाट्यगृहात तुला टिटवे अशी हाक मारणार आहे, चारचौघांत लाज वाटली तरी ओ दे.

तुझाच, मोठ्याने बोलायला लागलेला,
बाबा