साहेबांची निळी सही

४ मार्च, मंगळवार
ताराबाई आज परत आल्या. मी ऑफिस उघडायच्या आधीच पायरीवर. मोहोळहून पहिल्या एसटीनं. पोरगी रेश्मा, वय तेवीस, जन्मापासून अंथरुणाला. बोटं वाकडी, मशीनवर अंगठा उमटत नाही, म्हणून दिवाळीपासून अपंगांचा पगार बंद. घरी येऊन पडताळणी करा, एवढंच साहेबांनी पत्रात मागितलंय. आमदाराचं पत्र! वर दोन स्मरणपत्रं. कलेक्टर ऑफिसकडून एका ओळीचं उत्तर नाही. ढिम्म.

"पगारावर गोळ्या यायच्या वो बाई. आता निम्मी निम्मी देतीया." फिटच्या गोळ्या, निम्म्या! ओरडलेच त्यांच्यावर. मग वाईट वाटलं. त्या तरी काय करणार?

६ मार्च
सकाळपासून फोन. जिल्हा म्हणतो फाईल तालुक्याला. तालुका म्हणतो जिल्ह्यालाच हाय की. आमदारांच्या संपर्क कार्यालयातून बोलतेय म्हटलं, तर पलीकडून "बरं, मग?" मेल्यांनो, तुमच्या घरात कुणी आजारी पडत नाही का?

ह्यांनी डबा तसाच परत आलेला पाहिला. ताट वाढून पुढं ठेवलं.

११ मार्च, मंगळवार
साहेब अधिवेशनात आज काय कडाडले! "लोकप्रतिनिधीच्या पत्राला उत्तर नाही, मग गरिबानं जायचं कुणाकडं?" ऑफिसात सगळे मोबाइलला चिकटलेले. मी तर टाळ्या वाजवल्या. इथं लागून सहा महिने झाले, पहिल्यांदा वाटलं, चांगल्या माणसाकडं आहोत.

लगेच ताराबाईंना फोन. साहेब तुमच्यासाठीच भांडले म्हटलं. "देवमाणूस हाय वो." मागं रेश्मा कण्हत होती. काल रात्री दोनदा फिट. जीभ चावली गेली.

१३ मार्च, गुरुवार
स्वतःच गेले कलेक्टर ऑफिसला. ऊन म्हणजे नुसतं भाजून काढणारं. या कामाचे कारकून भाऊसाहेब सुपारी कातरत बसलेले. तोंड सोडलं मी. सभागृहात गाजलं तरी लाज नाही का, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चक्क हसले. फाईल काढून मूळ पत्रं पुढं केली.

"सही कुठल्या शाईत हाय, ताई?"

"निळ्या. बरं मग?"

"नव्या दिसता. तुमच्या सायबाची हिरवी सही आली की काम करायचं. निळी आली की शिक्का मारायचा आन् गप बसायचं. निवडून आले तवाच सांगून गेलेत. ही तिन्ही निळी हायत."

आमच्याकडं फक्त झेरॉक्स. झेरॉक्सवर सगळ्या सह्या काळ्या.

"निळी असली म्हणून पोरीच्या फिटा थांबतात का?"

"ते माझ्या टेबलावर येत न्हाय," म्हणाले, आणि सुपारी पुढं केली. घेतली नाही.

१६ मार्च
चुकून झालं असेल. गाडीत सह्या करतात, हाताला लागेल ते पेन. तीनदा? हो, तीनदा. का नाही?

रविवार असून ऑफिसला जाऊन नवं पत्र टाइप केलं. बाजारातून हिरवं पेन आणलं. ताराबाईंचा फोन आला, उचलला नाही. काय सांगू?

२० मार्च, गुरुवार
साहेब आले. केबिनमध्ये एकटे गाठले. पत्र ठेवलं, वर हिरवं पेन. साहेबांनी पेनाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"कुणी सांगितलं?"

पत्र आणखी पुढं सरकवलं.

"गाव कंचं?"

सांगितलं.

"मॅडम, त्या गावानं मला पाडायला सगळा जोर लावला. सगळ्यांचंच काम करायला बसलो तर आपली माणसं काय म्हणतील?" हिरवं पेन बाजूला सारलं, खिशातलं निळं काढलं. अगदी शांतपणे, जणू चहात साखर किती ते सांगत होते.

सही व्हायच्या आत पत्र ओढून घेतलं मी. कागद फाटला. "डोकं ठिकाणावर आहे का?" म्हणाले. नव्हतंच. बाहेर येऊन बाथरूममध्ये रडले. रागानं.

२२ मार्च, शनिवार
ताराबाई आल्या. पहाटे मोठी फिट आली होती, पोरगी अजून नीट शुद्धीवर नाही. शेजारणीजवळ ठेवून आलेल्या. "पत्राचं काय झालं वो?"

खोटं बोलायचं ठरवून बसले होते. जमलं नाही. सांगून टाकलं. हिरवी, निळी, गाव, सगळं.

पदराच्या टोकाला पीळ घालत राहिल्या. मग म्हणाल्या,

"गावानं न्हाय दिलं आसंल. म्या त्येलाच दिलं हुतं की मत."

 

उठताना म्हणाल्या, सोमवारी रेश्माला उचलूनच आणते, कलेक्टरच्या दारात निजवते, बघू दे डोळ्यानं. मी नको म्हणाले. या उन्हात, या अवस्थेत? पण ऐकते कशाला ती बाई.

आधी सिव्हिलला दाखवा, मी येते, म्हटलं. आणि मग सोमवारी तिथंही येते. तोंडातून निघून गेलं. साहेबांच्या माणसांना कळायला वेळ लागणार नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "नोकरी जाईल." माहितेय.

गाडी सांगून ठेवलीय. पत्राशिवाय कलेक्टर ऑफिसात आत सोडतील का, कोण जाणे.