लागूनच राहिला

मंगळवार, संध्याकाळ

परवा अंधार पडताना रामाकोन्याजवळ मी ब्रेक मारला आणि मागून येणारे वानखेडे मास्तर मोटारसायकलसकट माझ्या गाडीवर आदळले. त्यांचा पाय मोडला. आज दवाखान्यात तेच म्हणाले, "माफ करजा भाऊ, माझंच ध्यान नोतं. तुमचा लाल लाइट तं पहिलेपासूनच लागून होता."

पहिलेपासून? घरी येऊन गाडीची मागची बाजू भिंतीकडे केली, दिवे लावले, ब्रेक दाबला. भिंतीवरचा लाल उजेड जरासुद्धा वाढला नाही; म्हणजे ब्रेक मारल्याचं मागच्याला कळणारच नाही.

मागचे हे एलईडी दिवे मीच बसवले. तेव्हा बायकोला, सुनंदाला मागे उभं करून, दिवे लावून, ब्रेक दाबून विचारलं होतं, "लागून राहिला का?"

"लागूनच तं राहिला."

तो 'च', म्हणजे ब्रेकच्या आधीपासूनच लागलेला, मी ऐकलाच नाही. की ऐकायचा नव्हता?

उद्या मास्तरांना सांगावं लागेल. आज तर मोठ्या मनाने म्हणून आलो, "जाऊ द्या, मास्तर."