सातवं कडवं

ता. ४
ती. आईंच्या पायांशी सा. न. वि. वि.
तुम्ही गेलात आणि छोटे सरकार रुसले. खांदा मिळेना, म्हणून झोपेना. आता माझी आई आली आहे. दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती, तिची पद्धत शिस्तीची. रोज त्याच क्रमाने आंघोळ, मंद दिवा, गाणं. डोळे जडावले की जागेपणीच पाळण्यात ठेवायचं. रडला तर पोटावर हात, उचलायचं नाही. शेजारी खुर्चीवर बसायचं आणि दर तीन दिवसांनी खुर्ची हातभर दाराकडे सरकवायची. गाणं मात्र त्याच्या ओळखीचंच हवं म्हणते. तुमची ती देवाची कडवी लिहून पाठवाल का?
लोभ पातळ होऊ देऊ नका.
तुमची सूनबाई

ता. ९
चि. सौ. सूनबाईस अ. उ. आ.
मूल झोपवायला आता खुर्ची सरकवावी लागते होय! चार महिने मी खांद्यावर घेऊन फिरले. सरकली ती माझी कंबर. असो, विहीणबाई शिकलेल्या, आम्ही आपल्या मॅट्रिक. गार हात पोटावर ठेवू नका म्हणावं. आजकाल माझा खांदा दुखत नाही, तर चुकल्यासारखंच वाटतं. कडवी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे लिहिली आहेत. सहा. कागद बरोब्बर पुरला.
आठवण काढत जा, तेवढा लोभ पुरे.
तुझी सासू

ता. १७
ती. आईंना सा. न. वि. वि.
खुर्ची अर्ध्या वाटेवर आली. पण सहावं कडवं संपलं की हा डोळे टक्क उघडून दाराकडे बघत राहतो. रडत नाही, वाट बघतो. आई म्हणाली, याचं काहीतरी यायचं राहिलंय. खरंच सहाच ना हो?
माया असू द्या.
सूनबाई

ता. २२
चि. सौ. सूनबाईस अ. उ. आ.
सात आहेत. पानाखाली दोन बोटं जागा उरली होती, ती कोरी दिसू नये म्हणून मी कात्रीने कापली. सातव्याला तो माझ्या गळ्याशी मान टाकायचा. ते दुसऱ्या कुणाच्या आवाजावर व्हावं, हे सोसेना. तुझं पत्र आल्यापासून देवापुढे बसते, तर तेच कडवं ओठांवर येत नाही. लेकरू ताटकळलं ते माझ्यापायी. सोबत सातवं आहे, अख्ख्या कोऱ्या कागदावर. विहीणबाईंना दे, काय नावं ठेवायची ती ठेवू देत. पुढच्या महिन्यात यायचं ठरलं होतं. आता यावं की नाही, तूच सांग.
लोभ उरला असेल तर ठेव.
तुझी सासू

ता. २८
ती. आईंना सा. न. वि. वि.
ती कात्री मला पहिल्याच दिवशी दिसली. चिठोराही जपून ठेवणाऱ्या तुम्ही, पान कापाल कशाला? आणि सातवं मला पाठच आहे. चार महिने रोज तेवढ्याला मी दाराशी यायचे, आज तरी माझ्याकडे येईल म्हणून. तोवर त्याने तुमच्या गळ्याशी मान टाकलेली असायची. हेवा काय तुम्हालाच वाटतो? पण तुम्ही दिल्याशिवाय म्हटलं असतं तर चोरी झाली असती, म्हणून थांबले.
पत्र आलं त्या संध्याकाळी आईची सहा झाली आणि सातवं मी म्हटलं. कूस वळवली आणि झोपला. खुर्ची आता दाराबाहेर आहे. आईला कागद दिला नाही, काही बोललेही नाही.
पुढच्या महिन्यात नक्की या. खुर्ची तुमची, सहा कडवी तुमची. सातवं मात्र परत मागायचं नाही.
एवढं सोडून सगळा लोभ तुमचाच.
सूनबाई