लोडरचं नवं पातं

५ डिसेंबर

पातं आलं! ट्रेलरवरून उतरवलं तेव्हा अंगण हादरलं. पिवळं, वापरलेलं, खालची धार घासून चकचकीत झालेली. बाबांनी — माझ्या सासऱ्यांनी — त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या, बाजारात घोडा बघावा तशा. "बकेटनं रस्त्यावरचा बर्फ काढणं म्हणजे चमच्यानं विहीर उपसणं. आता बघा म्हणावं गावाला."

बघितलं. बकेट काढली, लोडर पुढं नेला, पात्याची चौकट उचलली, दोन्ही खटके दाबले. इथवर झ्याक. पण पातं डावीउजवीकडे वळायचं तर त्याच्या तेलाच्या दोन नळ्या लोडरला जोडायला हव्यात. त्या बसेनात! ढकलून झालं, शिव्या देऊन झाल्या, शेवटी हातोडी.

मी म्हटलं, "बाबा, आत दाब अडकलाय. रुमेन आधी दाब सोडायचा."

"रुमेन माझ्याकडूनच शिकला."

नवरा गेल्यापासून त्याचं नाव निघालं की आम्ही दोघं दोन दिशांना बघतो.

६ डिसेंबर

संत निकोलाचा सण. कार्प मासा, पोटात अक्रोड-कांदा. बाबा काटे काढत होते. माशालाच विचारावं तसं विचारलं, "कसा सोडायचा म्हणे तो दाब?"

मीही माशालाच सांगितलं.

७ डिसेंबर

बसल्या नळ्या! इंजिन बंद, नुसती किल्ली फिरवलेली, आणि लिव्हर दोन्हीकडे हलवत राहायचं — लोडरकडचा दाब उतरतो. पात्याकडचा मात्र उतरेना. मग त्या नळीच्या नटावर चिंधी गुंडाळून पान्यानं जरासा सैल केला. फस्स! चिंधी तेलानं काळी. नट आवळला, नळी ढकलली, आणि 'टक्'.

बाबा म्हणाले, "ह्या नळ्या जुन्या आहेत. बदलायला हव्यात." बस्स, एवढंच. शाबासकी देतील तर बाबा झाप्रियान कसले.

रेडिओवर मोठा बर्फ सांगितलाय.

८ डिसेंबर

सकाळपासून पडतोय. वेनेताचा, माझ्या बहिणीचा, फोन — "अगं मिंका, त्या डोंगरावरच्या ओर्लोविन्यात उरलंय काय? म्हातारी माणसं आणि शेळ्या! बुर्गासला ये. समुद्र आहे, काम आहे." दर हिवाळ्याला हेच म्हणते. दर हिवाळ्याला मी म्हणते, बाबांना टाकून कशी येऊ? मुलगा गेला, आता सूनही गेली तर कोलमडतील. समुद्राची स्वप्नं पडतात, हे तिला सांगत नाही.

१० डिसेंबर, इस्पितळाच्या बाकावर

काल लिहिणं शक्यच नव्हतं. क्रमानं लिहिते.

काल उजाडलं तेव्हा बर्फ कुंपणाच्या वर. बाबांनी लोडर सुरू केला. पातं उचललं जात होतं, पण वळताना कुंथत होतं. खाली बर्फावर तेलाचे थेंब. मला म्हणाले, "तू आत बस, लिव्हर दाबून धर." मी धरलं. त्यांनी हातमोजा काढला आणि गळती कुठं आहे ते बघायला नळीवरून बोट फिरवलं — चालू इंजिनवर!

"च्या मारी! चावलं काहीतरी."

मी इंजिन बंद करून उतरले. बोटाच्या टोकावर बारीक ठिपका. रक्तसुद्धा नाही. त्यांनी बोट विजारीला पुसलं. "टोचलंय. चल, काम कर."

लोडरच्या दारावर एक चित्र चिकटवलेलं आहे. तळहात, आणि त्यातून आरपार जाणारी फवाऱ्याची रेघ. इतकी वर्षं बघतेय. काल पहिल्यांदा पाहिलं.

ॲम्ब्युलन्सच्या नंबरवर फोन केला. आधी एका बाईनं नाव-गाव विचारलं, मग डॉक्टरला जोडून दिलं. डॉक्टर तरुण असावा. मी "नुसता ठिपका आहे" म्हटल्याबरोबर त्याचा आवाजच बदलला. "तेल आत गेलंय, बाई. आता दुखत नाही, पण आत मांस कुजवत जाईल. उशीर झाला तर हात जाईल. खायला-प्यायला काही देऊ नका, लगेच आणा." मी म्हटलं, रस्ता बंद आहे. तो म्हणाला, हेलिकॉप्टर ह्या हवेत उडणार नाही. मोठ्या फाट्यापर्यंत या, तिथं ॲम्ब्युलन्स उभी करतो.

आत येऊन बघते तर म्हातारा राकियाची दारू ओततोय! ग्लास हातातून हिसकावून घेतला. ओरडले. त्यांच्यावर असं कधी ओरडले नव्हते.

"रस्ता कोण उघडणार? तू?" ते म्हणाले.

"आहे का दुसरं कोण?"

मान वर उचलली. म्हणजे आमच्याकडं 'नाही'.

फुटकी नळी तशीच ठेवली असती तर लोडरचं सगळं तेल वाटेत गेलं असतं. म्हणून एवढ्या खटपटीनं जोडलेल्या दोन्ही नळ्या काढल्या! आता पातं वर-खाली होणार, पण वळणार नाही, आणि मोकळं सोडलं तर झोकांड्या खाणार. बाबांनी सांगितलं, मी केलं — पातं दरीकडं तिरकं केलं, मागं लाकडाचा ओंडका ठोकला, साखळीनं आवळून बांधलं. एका हातानं ते साखळी धरायला बघत होते. बोट एव्हाना काकडीसारखं झालं होतं, पांढरं. आता दुखत होतं. चेहऱ्यावरून कळत होतं.

शेजारचा देचको त्यांना जीपमध्ये घेऊन मागं. मी पुढं. बर्फ दरीत ढकलला जातो हे बरं, पण तिरकं पातं लोडरचं नाक डोंगराकडं ढकलतं आणि शेपूट दरीकडं. सतत उलट दिशेला ओढत राहायचं. खांदे तुटले. वरून पांढरं, खालून पांढरं, रस्ता कुठं संपतो तेच दिसेना. चॅपेलच्या वळणावर मागचं चाक रिकाम्यात गेलं! पातं खाली टेकवलं, ते रुतलं, आणि थांबले. रडायला लागले. खरंच. देवाचं नाव घेत नव्हते, रुमेनला शिव्या देत होते.

काचेवर टकटक. बाबा! जीपमधून उतरून चालत आलेले, दुखरा हात कोटात, दुसऱ्या हातात काठी.

"आत जा! वेड लागलंय का तुम्हाला?"

"हा रस्ता मी बांधलाय, पोरी. हळू मागं घे. मी कडेनं चालतो. मी जिथं उभा, तिथं रस्ता. माझ्यापलीकडं यायचं नाही."

आणि ते चालले. दरीच्या अंगानं, काठी खुपसत, गुडघाभर बर्फातून. मी त्यांच्या पाठीवर नजर ठेवून लोडर हाकत राहिले. मध्येच थांबायचे, हात पोटाशी धरून वाकायचे. मी दार उघडलं की काठी उगारायचे — ये पुढं! पातं एकदा त्यांच्या इतकं जवळ गेलं की बर्फ उडून टोपीवर पडला. वळून म्हणाले, "सूनबाई, मारायचंच असेल तर खाली गेल्यावर मार."

फाट्यावर निळा दिवा फिरताना दिसला तेव्हा मला कळलं की मी दात दाबून धरलेत. जबडा उघडेना.

स्ट्रेचरवर झोपायला तयार होईनात. बसूनच गेले.

११ डिसेंबर

बोट काढलं. तळवा उघडून धुतला. हात वाचला — डॉक्टर दोनदा म्हणाला. मी दोनदा विचारलं होतं.

१३ डिसेंबर

वर जाऊन आले. देचकोनं शेळ्या सांभाळल्यात. नव्या नळ्या घालून पातं जोडलं. एकटीनं. वळतंय! कोणाला सांगावं कळेना, तर शेळ्यांना सांगितलं.

१७ डिसेंबर

सोडलं त्यांना. मी कोट धरला, म्हटलं, "चला बाबा, घर तापवून ठेवलंय."

मान वर उचलली.

"मी बहिणीकडं जातो, प्लोव्हदिवला. ती कधीची बोलावतेय. सपाट गाव आहे."

"मग इतकी वर्षं वर का राहिलात?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काही भलतंच विचारलं.

"तू होतीस ना तिथं. तुला टाकून कसा जाणार?"