थांबा म्हणणारी डॉक्टर

३ नोव्हेंबर
ही नवी डॉक्टर मला पटत नाही. मयुरी पहिल्या बाळंतपणाला घरी आलीय, नववा सरत आलाय, म्हणून तिला हिंगणघाटच्या सरकारी दवाखान्यात दाखवलं. मी सरळ विचारलं, "सीझरची तारीख कधी देता?" तर हसली. म्हणे, "कशासाठी, मावशी? बाळ सरळ आहे, बीपी नाही. कळा येऊ द्या." आकांक्षा मॅडम म्हणतात तिला. मयुरीहून थोडीच मोठी असेल.

थोरलीच्या वेळी, काजलच्या, वर्ध्याच्या खाजगी दवाखान्यात कसं झटपट झालं — सकाळी भरती, दुपारी नातू हातात.

५ नोव्हेंबर
काजलला बोरगावला फोन केला. तिलाही दुसऱ्यांदा दिवस गेलेत, चौथा संपत आलाय. म्हणाली, "आई, तिले वर्ध्याले घेऊन ये. सरकारीवाले मुद्दाम टाळून राह्यले." माझ्याही मनात तेच.

१० नोव्हेंबर
आज माझ्या कानांनी ऐकलं. मॅडम दारात फोनवर — "हो सर, पहिलटकरणींची सीझरं कमी झालीत. नव्या नियमाप्रमाणे पिशवीचं तोंड सहा सेंटीमीटर उघडेपर्यंत आम्ही घाई करत नाही." म्हणजे असं आहे तर. वरून आकडा मागतात, आणि त्यासाठी माझी पोर!

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "तुले तं सगळ्याईचाच संशय येते." येतो. काऊन नाही येणार?

१२ नोव्हेंबर
कळा आल्या म्हणून धावतपळत नेलं. तपासलं आणि घरी पाठवलं! "अजून सुरुवात आहे. घरी जा, जेवा, चाला-फिरा." परत घरी, समुद्रपूरला. मयुरी रस्ताभर रडली.

१४ नोव्हेंबर
आज भरती केली. सकाळी चार सेंटीमीटरवर होती.

दुपार — पाचवर अडकलीय. काजल चारवर अडकली तेव्हा 'पुढे सरकत नाही' म्हणाले आणि लगेच आत नेलं. इथे मॅडम मयुरीला चालवतात, कुशीवर वळवतात, पाणी पाजतात. थांबा, एवढंच. मी जावयाला, रत्नदीपला, म्हटलं, "गाडी काढा. वर्ध्याले नेऊ."

मॅडमनी ऐकलं. रागावल्या नाहीत. "न्यायचं तर न्या, मी अडवणार नाही. आकडा वरून विचारतात, तेही खोटं नाही. पण बाळाचे ठोके बिघडले तर मी कोणाला विचारत बसणार नाही, मावशी. लगेच ऑपरेशन करीन." मग मयुरीच्या पोटावर यंत्र ठेवून ठोके ऐकवले. यंत्र काय, काहीही ऐकवेल.

मी मयुरीचा हात धरला, चल म्हटलं. तिने सोडवून घेतला. "आई, मले नाई जायचं. तू जराशी बाहेर बस."

मी. बाहेर.

बसले. रत्नदीपने चहा आणला, तो तसाच गार झाला.

१५ नोव्हेंबर
मुलगी झाली, काल संध्याकाळी. कापलं नाही. मयुरी आज आपल्या पायांनी मोरीपर्यंत गेली.

पण बाळाचं डोकं लांबट दिसतं. इतकं ताटकळत ठेवल्यावर दुसरं काय होणार? विचारलं. चार दिवसांत गोल होईल म्हणे. बघू.

२० नोव्हेंबर
झालं गोल.

२८ नोव्हेंबर
काजलसोबत सोनोग्राफीला गेले. बाळाची वार जुन्या सीझरच्या टाक्यावर बसलीय, सुटताना फार रक्त जाऊ शकतं म्हणे. खूप जपावं लागेल, बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच, रक्ताची सोय ठेवून. डॉक्टरने विचारलं, "पहिलं सीझर कशासाठी केलं होतं?" मी सांगितलं, "चारवर अडकली होती." "चारवरच?" म्हणत डॉक्टरने लिहून घेतलं.

येताना ऑटोत काजल म्हणाली, "आई, माह्या वेळी थांबा म्हणणारं कोणीच नव्हतं काय?"