दोन बोटं वरची तोटी

यँक्टन, २ एप्रिल १९९४

चि. विल्डास दादाचे आशीर्वाद.

तुझा फोन वहिनीने घेतला. मी गॅरेजमध्ये होतो. बाबांच्या ट्रकचं इंजिन सुरू करताच अडकलं, रॉड वाकला, म्हणजे आत पाणी गेलं. टर्बोतून येणारी तापलेली हवा गार करायला मी बर्फाच्या पाण्याचा जो डबा बसवला, तो हिवाळ्याआधी रिकामा करायचा, हे सांगून माझी जीभ झिजली. विसरलीस. पाणी गोठलं, आतली हवेची नळी फुटली, आणि आता नवं पाणी भरताच ते इंजिनात उतरलं. कॉलेजचं तोंड न बघता मी तो डबा आखला. तुला त्याची एक तोटी उघडता येऊ नये? यंदा जत्रेत ट्रकने वजन ओढायच्या शर्यतीत उतरू नकोस. चर्चच्या मांडवात लिंबू सरबत विक.

रागावलो तरी लोभ आहेच.
ऑर्व्हल

नॉरफोक, ८ एप्रिल

ती. दादास विल्डाचा सा. न. वि. वि.

ऑक्टोबरात तोटी उघडून शेवटचा थेंब पडेपर्यंत उभी होते, असं मला आठवतं. बोटं बधिर झाली होती. पण तू म्हणतोस तर विसरलेच असेन. आमचे हे तर रोज ऐकवतात, तुझ्या भावाच्या कामात खोट निघेलच कशी! बाबांचा ट्रक माझ्या हातून गेला. १७ तारखेच्या रविवारी चर्च सुटल्यावर हार्लन बूसिंग तो विकत न्यायला येतोय. तुझा डबा मात्र त्याला देववेना, परत पाठवलाय.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरचा लोभ उरला असेल तेवढा राहू दे.
विल्डा

यँक्टन, १३ एप्रिल

चि. विल्डास,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

डबा काल आला. फुटलेली नळी नेमकी सगळ्यात खालची. ती बुजवून पाणी भरलं, तोटी सोडली. थेंब थांबल्यावर डबा उलटा केला, तर कपभर पाणी फरशीवर. वेल्डिंगची रेघ सरळ दिसावी म्हणून तोटी मी तळापासून दोन बोटं वर बसवली होती. लोक वाकून ती रेघ बघायचे आणि मी फुगायचो.

तू विसरली नव्हतीस. वहिनीने तुझं पत्र मला मोठ्याने वाचायला लावलं. बधिर बोटांच्या ओळीपुढे वाचवेना.

नवा डबा केलाय. तोटी थेट तळाला, वाकडी, कुरूप. शनिवारी तो आणि नवा रॉड घेऊन येतो. हार्लनला नाही म्हणून कळव, आणि हे पत्र नवऱ्यासमोर खणखणीत वाच. जत्रेत वजन तूच ओढायचंस. सरबताच्या मांडवात मी उभा राहीन. लिंबं वाकडीतिकडी कापली गेली तरी चालतात म्हणे.

लोभ मागायचा अधिकार शनिवारनंतर.
ऑर्व्हल