दुसरी तडतड

१४ मार्च, गुरुवार

चि. टिल्लूस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र काल दुपारी मिळालं. मी खुशाल आहे. मावशीही खुशाल आहे. गुडघा सोडला तर तिचं सगळं चालतं, तोंड तर सर्वांत जास्त.

मी तिच्याकडे येऊन आज अकरा दिवस झाले. मागच्या गॅलरीत एक शेगडी मांडून घेतली आहे. येताना माझा जुना, पाव किलोचा कॉफी भाजायचा ड्रम बरोबर आणला. तो चोरीला गेलेला नाही, हे तुझ्या बायकोला सांग. तो माझा आहे, दुकान निघायच्या आधीपासून. सकाळी आंघोळ झाली की मी दोन घाणे काढते. मावशी म्हणते, "अगं, पिणार कोण एवढी? मी एक कप घेतला की पहाटेपर्यंत घड्याळाशी गप्पा मारत बसते." मी म्हटलं, शेजारी वाट. तिने वाटली. आता शेजारणी आपणहून डबे घेऊन येतात आणि ही दारात उभी राहून विचारते, "कालची हवी का आजची?" जसं काही हिनेच भाजली.

इथे हवा कोरडी आहे, त्यामुळे दाणे लवकर रंग धरतात. आच थोडी कमी ठेवावी लागते. बाकी ठीक.

आता तुझ्या पत्राकडे वळते. अक्षर सुधारलं आहे. फोन सोडून पत्र लिहिलंस, तेव्हा फोनवरचं आता अजिबात ऐकू येत नसणार. डॉक्टरकडे जा, असं मी सहा वर्षांत किती वेळा सांगितलं, ते मोजलेलं नाही. प्रत्येक वेळी तू म्हणालास, "हळू बोललीस तर कसं ऐकू येईल?" मी हळू बोलत नव्हते, टिल्लू. मी वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं रसायनशास्त्र शिकवलेली बाई आहे.

तू लिहितोस की कॉफी विक्रेत्यांच्या संघटनेने तुला पुन्हा संधी दिली आहे, येत्या चोवीस तारखेच्या रविवारी, कारण मागच्या वेळी बर्नर बिघडलेला होता हे त्यांना पटलं. कॉफी भाजायला शिकवणाऱ्या त्यांच्या नव्या भट्टीवर्गाचे शिक्षक म्हणून तुझीच निवड होणार, फक्त एक घाणा सर्वांसमोर नीट निघाला पाहिजे. तापमापक नाही, दिवे नाहीत. डोळे, नाक आणि कान. म्हणून ताई, तू शनिवारीच ये. आणि पुढे मोठ्या मनाने लिहितोस, "मागच्या वेळी तू बोट लावायला विसरलीस त्याबद्दल मी कुणाला काही बोललो नाही. वय झालं की व्हायचंच असं."

हे वाक्य मी दोनदा वाचलं. मग मावशीलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "वय तुझं झालं आणि ऐकू त्याला येत नाही, मजाच आहे."

बर्नर बिघडलेला नव्हता. ते तुलाही ठाऊक आहे.

परवा आपला गॅसवाला मला शोधत इथपर्यंत आला. दोन बस बदलून. आत ये म्हटलं तर येईना, चपला हातात धरून उंबऱ्याबाहेरच उभा. म्हणाला, "ताई, पंधरा वर्षं तुमचा बर्नर मी उघडतोय. एकदा तरी जाळ पिवळा दिसला का तुम्हाला? भाऊंनी भर सभेत माझं नाव घेतलं. दोन हॉटेलवाल्यांनी मला यायला नको म्हणून सांगितलंय." मी त्याला बसवलं, कॉफी दिली. त्याने कपाकडे बघून विचारलं, "याच जाळावरची?" मी म्हटलं, जाळ वेगळा, हात तोच. तो हसला नाही. पूर्वी हसायचा.

माझा हिशोब तुझ्याशी होता आणि चटका त्याला बसला. म्हणून हे पत्र लिहिते आहे, नाहीतर लिहिलं नसतं.

तुला आठवत नसेल म्हणून क्रमाने सांगते. दुकानाच्या पहिल्या वर्षांत तू पुढे उभा राहायचास आणि मी मागे भाजायचे. मग गिऱ्हाइकांना भाजणं बघायला आवडतं असं लक्षात आलं आणि तू ड्रम पुढे आणलास. बाई भट्टीशी उभी बरी दिसत नाही म्हणालास. ठीक, म्हटलं, तू फिरव. तुझा हात चांगलाच होता, ते मी कधी नाकारलं नाही. कान मात्र नव्हता. दाणे दोनदा तडतडतात; पहिली तडतड जोरात होते, ती सुरुवातीला तुला थोडी कळायची. दुसरी बारीक असते, वाळक्या पानावर मुंगी चालावी तशी, आणि ड्रमच्या घरघरीत ती शोधून काढावी लागते. ती सुरू झाली की दहा सेकंदांत घाणा ओतायचा. तुला ती कधीच ऐकू आली नाही. मी मागे उभी राहून तुझ्या कोपराला बोट लावायचे आणि तू ओतायचास. लोक म्हणायचे, काय कान आहे माणसाला!

पंधरा वर्षं. वर्तमानपत्रात तुझा फोटो आला त्यात मी कापली गेले, पण बोट राहिलं. तू तो चौकटीत घालून गल्ल्यामागे लावलास. ते बोट कुणाचं, असं एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही. खाली छापलं होतं, तुझेच शब्द: "साफसफाईला घरातलं एक माणूस आहे."

तेही मी गिळलं. त्या फोटोवरून मी रागावले असं तुला वाटत असेल तर तसं नाही. मला फोटोचा राग येतो, पण तेवढ्यासाठी मी कुणाचा घाणा जाळणार नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी, दुपारी, मी कोठीत कच्चे दाणे निवडत होते. मधे नुसती फळीची भिंत. तुला कमी ऐकू येतं म्हणून तू मोठ्याने बोलतोस आणि ते तुझ्या गावी नसतं. तुझी बायको हळू बोलत होती, तिचं फार कळलं नाही. तुझं सगळं कळलं. "घाणा झाला की दिवा लागणारं ते यंत्र पुढच्या महिन्यात येतंय. एवढं प्रात्यक्षिक पार पडू दे, मग ताईला मोकळी करू. मावशीकडे राहील ना! तिचं काय, एका बोटाचं तर काम." मग तुझ्या बायकोने काहीतरी विचारलं आणि तू हसून म्हणालास, "सांगायचं कशाला? तिला कळतं कुठे काय."

मी निवडलेले दाणे पुन्हा एकदा निवडले. हात थांबत नव्हता म्हणून.

तू लिहिलंस, मी विसरले. टिल्लू, मी विसरले नाही.

तीन तारखेला प्रात्यक्षिकाच्या वेळी सभागृहात साठ माणसं होती आणि तरी मला पहिली तडतड नऊ मिनिटं दहा सेकंदांना ऐकू आली. मी बोट लावलं, तू आच कमी केलीस, सवयीप्रमाणे. मग ती मधली शांतता. मग बाराव्या मिनिटाला दुसरी, अगदी स्वच्छ, एक, दोन, मग चार एकदम. माझा हात उचललेला होता. तो मी खाली घेतला आणि पदर नीट केला.

आणि मोजत राहिले. दहापर्यंत तुला काहीच कळलं नाही. विसाव्याला धूर निघाला. तिसाव्याला तू ड्रमच्या काचेत पाहिलंस. दाणे काळे पडलेले, तेल सुटलेलं, तुझ्या डोळ्यांना ते दिसत होतं आणि नाकाला वास येत होता. तरी तू ओतलं नाहीस. तू बोटाची वाट पाहत होतास. माझ्यावर एवढा विश्वास, स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त! त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती. मला वाटलं, आता कळेल बोटाचं काम केवढं असतं. पुढच्या रांगेतला माणूस ओरडला, "अहो, जळतंय!" तेव्हा तू ओतलंस. जाळीवर कोळसे पडले. तू मागे वळून माझ्याकडे पाहिलंस. तो चेहरा पाहून मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? फार बरं वाटलं.

मग तू माइक घेऊन गॅसवाल्याचं नाव घेतलंस आणि मी गप्प बसले. या एका गोष्टीचं मला वाईट वाटतं. ती माझी चूक, तुझी नव्हे. मी तेव्हाच उठायला हवं होतं.

आता उठले आहे. काल मी संघटनेला पत्र दिलं, स्वतः जाऊन, सचिवांच्या हातात. त्यात लिहिलं की बर्नर उत्तम होता आणि घाणा माझ्यामुळे जळला. गॅसवाल्याला त्याची प्रत दिली. सचिव चष्मा वर करून म्हणाले, "तुमच्यामुळे म्हणजे? तुम्ही कोण?" मी म्हटलं, त्याचं उत्तर तोंडी देता येत नाही, शेगडी लागेल. त्यांनी चोवीस तारखेचा अर्ज पुढे सरकवला. अर्ज कुणालाही करता येतो, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. 'कोणाकडे शिकलात' या रकान्यात मी रेघ मारली.

तुझ्या कानाबद्दल संघटनेच्या पत्रात एक अक्षर नाही. ते सांगायचं तर तू सांग. सांगितलंस तर ते तुला दुसरं काहीतरी काम देतील, माणसं वाईट नाहीत. सांगितलं नाहीस तर चोवीस तारखेला साठ माणसांसमोर तुला एकट्याने ड्रम फिरवावा लागेल, आणि मी तुझ्या मागे नसेन. शनिवारी मी येणार नाही. त्यानंतरही येणार नाही. माझं राहिलेलं सामान गॅसवाल्याबरोबर पाठव. त्याची माफी मागितल्यावर.

मावशी सांगते आहे, पत्र टाकू नकोस, वाद वाढेल, तो तुला रडवेल. तिला म्हटलं, वाद दोघांना ऐकू आला तर वाढतो. ती खूप हसली. मलाही हसू आलं, आणि मग जरा वेळाने थांबलं.

रविवारी माझा क्रमांक पहिला आहे, तुझा दुसरा. सकाळी दहाला ये आणि पुढच्या रांगेत बस. दुसरी तडतड सुरू झाली की मी कुणाकडेही न बघता ओतेन. तुला ऐकू आलं नाही तरी दिसेल.

पूर्ण नावाची सही मी अर्जावर केली आहे, ती तिथे लावलेल्या यादीत वाच. इथे नुसती,

ताई